आरआरएस डिस्कव्हरी, डंडी: स्कॉटच्या केबिनपाशी थांबू नका, पुढे बघा

स्कॉटलंडला येणारे आपले बहुतेक लोक एडिनबरा, ग्लासगो, लॉख नेस करतात आणि परत जातात, डंडीला कोणी फिरकत नाही. पण समुद्राची थोडी जरी आवड असेल ना तर एक दिवस डंडीसाठी ठेवाच. एडिनबऱ्याहून ट्रेनने साधारण सव्वा तास, वाटेत फोर्थ ब्रिज आणि टे ब्रिज दोन्ही लागतात, आणि स्टेशनबाहेर रस्ता ओलांडला की डिस्कव्हरी पॉइंट हे संग्रहालय, आणि आरआरएस (म्हणजे रॉयल रिसर्च शिप, संशोधन जहाज) डिस्कव्हरी समोरच.

हे तीन डोलकाठ्यांचं लाकडी जहाज १९०१ मध्ये याच शहरात बांधलं, कॅप्टन स्कॉटच्या अंटार्क्टिका मोहिमेसाठी. डंडीतच का, तर इथले कारागीर देवमाशांच्या शिकारीची जहाजं बांधण्यात मुरलेले, बर्फात शिरणारं जहाज कसं असावं हे त्यांना पक्कं ठाऊक. आणि इथे देवमाशाचं तेल एवढं लागायचं कशाला, तर बंगालमधून येणारा ताग गिरणीत घ्यायच्या आधी मऊ करायला! हे कळलं की अख्खं शहर वेगळं दिसायला लागतं.

डेकवर गेलात की घाई करू नका. बाजूच्या भिंती जवळपास दोन फूट जाड, लाकडाचे थर एकावर एक, आणि बाजूला एकही गोल खिडकी नाही कारण भोक पाडलं की तेवढी भिंत कमजोर. म्हणून उजेड आणि हवा वरून, डेकमधूनच खाली सोडलीय. सुकाणू आणि प्रोपेलर दोन्ही वर उचलून घेता यायचे, बर्फात तुटू नयेत म्हणून. मला सगळ्यात आवडली ती चुंबकीय निरीक्षणांची जागा, तिच्याभोवती तीस फुटांत लोखंड-पोलाद येऊ द्यायचं नाही असा नियम होता, म्हणजे जहाज बांधतानाच संशोधन डोक्यात होतं. तळ मात्र बर्फासाठी केलेला, त्यामुळे उघड्या समुद्रात जहाज भयंकर डोलायचं.

खाली वॉर्डरूम, म्हणजे अधिकाऱ्यांची जेवायची-बसायची खोली, तिच्याभोवती अधिकाऱ्यांच्या केबिन्स, दारांवर नावं. स्कॉट, शॅकलटन, विल्सन. सगळे इथेच फोटो काढतात, साहजिक आहे, अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो साउंडच्या बर्फात दोन हिवाळे अडकून फेब्रुवारी १९०४ मध्ये सुटलेलं जहाज आहे हे. पण माझं म्हणणं असं की तुम्ही जे जहाज बघताय ते खरं तर स्कॉटच्या काळातलं नाहीच. ते जतन केलंय जवळपास १९२४ च्या रूपात, म्हणजे देवमाशांच्या अभ्यासासाठी दुरुस्त होऊन निघालं तेव्हाच्या. आणि माझ्या मते या जहाजाचं खरं आयुष्य तेच.

मधल्या काळात ते हडसन्स बे कंपनी या कॅनडातल्या व्यापारी कंपनीकडे होतं, साधं मालवाहू म्हणून. मग दक्षिण महासागरात देवमाशांची बेसुमार कत्तल सुरू होती, असंच चाललं तर उरणार किती हा प्रश्न होता, आणि त्या तेलावरच्याच करातून संशोधनाचा खर्च निघाला. १९२५ ते २७ च्या सफरीचे प्रमुख स्टॅनली केम्प, जे त्याआधी कोलकात्यात झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात होते! देवमासा मोजायचा तर तो खातो काय ते आधी बघायला हवं, म्हणून जाळी टाकून क्रिल, म्हणजे जवळ्यासारखा दिसणारा चिमुकला जीव, कुठे किती सापडतो ते तपासत फिरायचं. बरोबरच्या अ‍ॅलिस्टर हार्डींनी एक यंत्र बनवलं ते तर कमालच, जहाजामागे ओढत न्यायचं, पुढच्या बारीक भोकातून पाणी आत, पाण्याच्या जोरावर पंखा फिरतो आणि रेशमी कापडाची पट्टी हळूहळू सरकते, तिच्यावर प्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, अडकतात, वरून दुसरी पट्टी बसते आणि सगळं गुंडाळून फॉर्मलिनमध्ये. पट्टी उलगडली की कुठल्या मैलाला काय होतं ते क्रमाने दिसतं. त्याच तत्त्वावरचं सर्वेक्षण प्लिमथहून आजही चालू आहे.

१९२९ ते ३१ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधक डग्लस मॉसन यांच्याबरोबर परत अंटार्क्टिका, मग लंडनला टेम्सवर स्काउट्सच्या आणि नौदलाच्या कामात बरीच वर्षं, आणि १९८६ मध्ये डंडीला परत, तेही दुसऱ्या मोठ्या जहाजावर चढवून.

गोव्याच्या लोकांसाठी एक सांगतो. हे नाव पुढच्या संशोधन जहाजांनाही मिळत गेलं, आणि १९६२ ची डिस्कव्हरी आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत अरबी समुद्रात काम करून गेली. त्याच मोहिमेतून पुढे १९६६ मध्ये आपली एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, उभी राहिली, दोना पावलाची. त्यामुळे मला तरी ते जहाज परकं वाटलंच नाही.

आता कामाचं. आतले जिने उभे आणि अरुंद, तुळया खाली आलेल्या, उंच माणसांनी डोकं सांभाळा, गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना तळापर्यंत नेण्याचा हट्ट नको, वरचा डेकही पुष्कळ आहे. निदान दोन-तीन तास हातात ठेवा, आणि जमलं तर त्याच दिवशी व्हर्डंट वर्क्स ही तागाची जुनी गिरणी पण बघा, तेल आणि ताग दोन्ही एकदम डोक्यात बसतं. माझ्याकडून पाचपैकी पाच.