बॉक्स खरा, चाकू खोटा: घडीचा ‘स्विस’ चाकू ऑनलाइन घेताना

लाल मुठीवर क्रॉस, कंपनीचं नाव छापलेला बॉक्स, आत नीट घडी केलेलं माहितीपत्रक. किंमतही फुकटात वाटावी अशी नाही, खऱ्यापेक्षा थोडीच कमी. संशय येऊ नये आणि मोह मात्र व्हावा, एवढाच फरक. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचं ‘स्पार्टन’ मॉडेल म्हणून विकलेला असा चाकू हातात पडला तर त्यात काय काय सापडतं ते खाली लिहिलं आहे. विकणाऱ्याचं नाव देण्यात अर्थ नाही, कारण ही दुकानं सारखी नावं बदलतात.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. हा खटक्याचा, म्हणजे उघडलेलं पातं पक्कं अडकवून ठेवणारा चाकू नव्हे. बिनखटक्याच्या घडीच्या चाकूत पातं उघडं धरून ठेवणारी एकच वस्तू असते, ती म्हणजे पाठीची स्प्रिंग. पात्याच्या बुडाला सपाट कडा असतात आणि स्प्रिंगचं टोक त्या सपाटीवर दाबून बसतं. पात्याच्या पाठीवर जोर दिला की ते मिटतं, कारण रचनाच तशी आहे. तो जोर किती लागावा, यात सगळं आलं. व्हिक्टोरिनॉक्सच्या चाकूत पातं रॉकवेल सी या कडकपणाच्या मापावर साधारण ५६ इतकं कडक असतं आणि स्प्रिंग साधारण ४९. हा फरक मुद्दाम ठेवलेला असतो. पातं कडक हवं म्हणजे धार टिकते. स्प्रिंग तितकीच कडक केली तर वाकता वाकता तुटेल. नकली चाकूत स्प्रिंगच्या आकाराची पट्टी असते, पण तिला पाणी नीट दिलेलं नसतं, म्हणजे तापवून-थंड करून ती नीट कडक केलेली नसते. सुरुवातीला ती ताण धरते, मग ढिली पडते. त्यानंतर आंब्याच्या पेटीची पट्टी कापताना पातं थोडं अडकलं आणि हात मागे ओढला, की ते सरळ बोटांवर मिटतं. पैसे गेल्याचं दुःख त्यापुढे किरकोळ.

म्हणून पहिली तपासणी स्प्रिंगची. मोठं पातं नखाच्या खाचेत नख घालून सावकाश उघडा. शेवटच्या टप्प्यात स्प्रिंगने ते स्वतःहून ओढून ‘टक्’ असा स्वच्छ आवाज करत बसवलं पाहिजे. मिटतानाही तेच. आवाज मऊ, घासल्यासारखा आला किंवा पातं मधेच लोंबकळत राहिलं, तर पुढचं काही पाहण्याची गरज नाही. उघडं पातं चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवा. खऱ्यात हालचाल जवळजवळ जाणवत नाही. नकलीत रिव्हेटपाशी खुळखुळ लागते. मग चाकू मिटून बल्बसमोर धरा आणि पाठीच्या बाजूने पाहा. स्प्रिंग आणि पात्यांच्या थरांमधल्या पातळ पत्र्या यांच्यामध्ये उजेडाची रेघ दिसता कामा नये, आणि बोट फिरवलं तर पाठ एकसारखी लागली पाहिजे.

मूठ पाहताना बहुतेक जण क्रॉसकडे पाहतात आणि तिथेच फसतात. ९१ मिमीच्या चकचकीत लाल मुठीत ढाल आणि क्रॉस हे धातूचे, प्लास्टिकमध्ये बसवलेले असतात. नुसता रंगाने छापलेला असेल आणि नखाने खरवडला की निघत असेल, तर माल खोटा. पण उलट बाजूने हा पुरावा चालत नाही: कंपनीच्याच काही नायलॉन मुठींवर खूण छापलेली असते, आणि बरे नकलाकार आता धातूची खूणही बसवतात. त्यापेक्षा रिव्हेट पाहा. या मॉडेलच्या लाल पट्ट्या आतल्या पितळी रिव्हेटच्या टोकांवर दाबून बसवतात, त्यामुळे बाहेरून प्लास्टिकवर एकही रिव्हेटचं डोकं दिसत नाही. दिसलं तर परत पाठवा.

लोहचुंबक लावून पाहण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो कुचकामी आहे. चाकूच्या पात्याचं स्टेनलेस कडक करता येणाऱ्या जातीचं असतं आणि ते चुंबकाला चिकटतंच, खरं असो वा खोटं. वजनकाटा जास्त कामाचा. खऱ्याच्या मधल्या पत्र्या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या असतात, म्हणून दोन पाती, डबा उघडणी, बाटली उघडणी, टोच्या आणि बुचाचा स्क्रू एवढं सगळं असूनही स्पार्टन जेमतेम ६० ग्रॅम भरतो. नकलीत पत्र्या लोखंडी निघाल्या की स्वयंपाकघरातला डिजिटल काटाही ते लगेच सांगतो. मिटलेल्या चाकूची लांबी व्हर्नियरने (बारीक मापाच्या मोजपट्टीने) ९१ मिमी यायला हवी. दोन-तीन मिमीचा फरक हा ‘बॅचचा फरक’ नसतो. मोठ्या पात्याच्या बुडाशी कंपनीचं नाव आणि ‘स्विस मेड’ ही अक्षरं बारीक पण रेखीव असतात. ‘स्विस स्टाईल’ किंवा नुसतं ‘स्टेनलेस’ म्हणजे काहीच नाही.

पोलादाच्या नावानेही गंडवतात. जाहिरातीत ‘४४० स्टेनलेस’ लिहिलेलं असतं, पुढचं अक्षर गायब. ४४० ए, बी आणि सी यांत कार्बनचं प्रमाण वेगळं असतं. ए मध्ये सुमारे ०.६ ते ०.७५ टक्के, सी मध्ये ०.९५ ते १.२ टक्के. अक्षराशिवाय ४४० म्हणजे आडनावाशिवाय पत्ता. कार्बन पोलादाचं पातं म्हणून विकलेलं खरंच तसं आहे का हे मात्र घरी कळतं: कापलेलं लिंबू पात्यावर काही मिनिटं ठेवा. कार्बन पोलाद करडं पडतं, स्टेनलेस तसंच चकचकीत राहतं. पण ही परीक्षा चाकू ठेवायचं ठरल्यावरच करा, डाग परत जात नाही.

दोन कहाण्या हमखास ऐकवल्या जातात. एक, ‘कस्टमचा माल आहे, म्हणून स्वस्त’. लिलावाचा कागद मागा, संभाषण तिथेच संपतं. दुसरी परदेशातल्या मराठी मंडळींना जास्त महाग पडते: ‘यूकेमध्ये खिशात ठेवायला कायदेशीर’. तिथल्या १९८८च्या क्रिमिनल जस्टिस अॅक्टच्या कलम १३९ नुसार तीन इंचांपर्यंत धार असलेला घडीचा खिशातला चाकू चालतो, पण न्यायालयांनी खटक्याचा चाकू त्या सवलतीत धरलेला नाही. ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा ६ नंबरचा घडीचा चाकू घ्या: पातं तीन इंचांच्या आत, पण मानेवर फिरवून पातं अडकवणारी कडी. ही कडी १९५५ पासूनची. २ ते ५ नंबरला ती नसते. विक्रेता ६ नंबरचा ‘बिनखटक्याचा’ म्हणून खपवतो आणि पोलिसांसमोर उभं राहायला लागतं ते घेणाऱ्याला. आपल्याकडेही ‘नऊ इंचांच्या आत आहे, बिनधास्त बाळगा’ हे अर्धसत्य आहे. नऊ इंच लांबी आणि दोन इंच रुंदी ही शस्त्र नियमांतली परवान्यासंबंधीची मर्यादा. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असताना तिचा आधार घेऊ नका. विमानात हातातल्या बॅगेत तर कुठलाच नको.

आता परत पाठवण्याबद्दल. बॉक्स अस्सल असणं हा पुरावा नव्हे. खरा चाकू काढून घेऊन त्याच बॉक्सात नकली घालून परत केला की तो पुढच्या ग्राहकाकडे जातो. म्हणून पार्सलचं लेबल दिसेल असा, न तोडता सलग व्हिडिओ घ्या, आणि त्याच चित्रणात काट्यावरचं वजन, व्हर्नियरचा आकडा आणि पात्यावरची अक्षरं येऊ द्या. परतीचं कारण निवडताना ‘आवडलं नाही’वर बोट ठेवू नका, ‘बनावट वस्तू’ निवडा. पहिलं निवडलं की पुढची तक्रारच लंगडी होते. आयात मालाच्या पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि कमाल किंमत छापलेली असावी लागते. नसेल तर त्याचाही फोटो घ्या. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्यात निकाल लावायचा असतो. तिथे हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही.

तोवर त्या चाकूने काहीही कापू नका. दगडावर धारही लावू नका, कितीही बोथट असला तरी. पात्यावर एक ओरखडा दिसला की उत्तर तयार असतं: ‘वापरलेली वस्तू परत घेतली जात नाही.’ पात्यावर कागद गुंडाळून, चिकटपट्टी लावून, लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी, बॉक्ससकट ठेवून द्या.