सागवानी कपाटाला पाण्याचं इनॅमल: रंग चांगला, पण आधी चपडा हवाच

मुंबईत ओशिवऱ्याला, पुण्यात जुन्या बाजारात किंवा कुणाचं घर मोडताना जुनं सागवानी कपाट पदरात पडलं, आणि त्याला पांढरा किंवा फिका रंग द्यायचा असेल, तर हल्ली रंगवाले पाण्यात पातळ होणारं ॲक्रिलिक इनॅमल सुचवतात. राहत्या घरात काम करायचं तर ते ऑइल पेंटपेक्षा नक्कीच बरं. वास कमी येतो, टर्पेंटाइन लागत नाही, ब्रश नळाखाली धुतला की झालं. चार-सहा तासांनी दुसरा हात मारता येतो. मुख्य म्हणजे पांढरा रंग पांढराच राहतो. ऑइल पेंट कपाटाच्या आतल्या बाजूला, जिथे उजेड पोचत नाही, तिथे हमखास पिवळा पडतो.

पण हे इनॅमल सागवानावर थेट लावू नका. सागवानात तेल असतं आणि पाण्यात विरघळणारे तपकिरी घटकही. रंगातलं पाणी ते वर ओढून आणतं. संध्याकाळी शुभ्र दिसणाऱ्या दारावर सकाळी चहा सांडल्यासारखे डाग उठतात, गाठींच्या आजूबाजूला आणि फळीच्या कापलेल्या टोकांवर सगळ्यात जास्त. मग लोक तिसरा-चौथा हात चढवतात. त्याने काहीच साधत नाही, कारण प्रत्येक हाताबरोबर नवं पाणी आत जातं. साधा पाण्याचा प्रायमरही इथे कमी पडतो.

डाग अडवतो तो आपला चपडाच, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे. अर्धा लिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये (डिनेचर्ड अल्कोहोल) साधारण ६० ग्रॅम चपडा टाकून बाटली रात्रभर ठेवा, अधूनमधून हलवा. मग ती न हलवता चपड्यातलं मेण तळाशी बसू द्या आणि वरचं निवळलेलं द्रावण अलगद काढून तेवढंच वापरा. गाळ आला तर मेणावर रंग नीट धरत नाही. तासाभराच्या अंतराने दोन पातळ हात, गाठींवर तिसरा, आणि वाळल्यावर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका हात. पावसाळी दमट हवेत चपडा पांढुरका पडतो, तेव्हा कोरडा दिवस बघूनच हे काम काढा. स्पिरिट लगेच पेट घेतं; खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास गॅस नको.

त्याआधी जुना थर कसला आहे ते बघायला हवं. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून आतल्या कोपऱ्यात मिनिटभर दाबा. थर चिकट झाला तर जुनं चपडा पॉलिश आहे. साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढा, वाळू द्या आणि १८० नंबरने घासा. काहीच झालं नाही तर ऑइल पेंट किंवा मेलामाइन पॉलिश असावं. जुन्या ऑइल पेंटच्या बाबतीत खरंच जपा. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नसावं हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका. वॉटर पेपरने (पाण्यात वापरायचा पॉलिश पेपर) ओला घासा, एन-९५ मास्क लावा, चिखल ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

दुरुस्ती रंगाच्या आधीच उरकायची. पाय डगमगत असेल तर सांध्यात नुसतं फेव्हिकॉल ओतून भागत नाही, कारण वाळलेल्या जुन्या गोंदावर नवा गोंद धरत नाही. सांधा उकला. जुना सरस असेल तर गरम पाण्याच्या फडक्याने मऊ होतो. कुसू, म्हणजे खाचेत बसणारं लाकडाचं टोक, पटाशीने खरवडून लाकूड उघडं करा. कुसू ढिला असेल तर त्याला सागवानाची पातळ चिपळी चिकटवून घट्ट करा. फेव्हिकॉल एसएच पोकळी भरण्यासाठी नाही. क्लॅम्प नसेल तर सुतळीचा वेढा काठीने पिळून आवळा आणि २४ तास हात लावू नका. तुटलेल्या कोपऱ्याला एम-सील चालतं, बारीक भेगांना एनसी पुट्टी (लाकडासाठीची नायट्रोसेल्युलोज पुट्टी), तीही पातळ थरांत. भिंतीची सिमेंट पुट्टी लाकडावर अजिबात नको. लाकूड फुगतं-आकसतं आणि ती तडकून निघते. उघड्या खिळ्यांच्या डोक्यांना मेटल प्रायमर लावा, नाहीतर पाण्याच्या रंगातून गंज वर येतो.

पाठ आणि खणांचे तळ मात्र बारकाईने तपासा. सागवानाचा गाभा किडीला सहसा दाद देत नाही, पण मागची फळी बहुतेक वेळा हलक्या लाकडाची किंवा प्लायची असते. बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला, तर ती फळी काढून नवी बसवणं परवडतं.

सहा फूट बाय तीन फूट कपाटाच्या बाहेरच्या बाजूंना दोन हातांसाठी साधारण एक लिटर रंग पुरतो. ब्रश नायलॉनचाच घ्या, जनावरांच्या केसांचा पाण्याने फुगतो. सपाट दारांना चार इंची फोम रोलर. एकदा फिरवलेल्या जागी परत ब्रश नेऊ नका, विशेषतः उन्हाळ्यात. रंग लगेच ओढतो आणि रेघा कायमच्या उमटतात.

या रंगाची खरी उणीव म्हणजे तो हाताला तासाभरात कोरडा लागला तरी पुरता कडक व्हायला दोन-तीन आठवडे घेतो. लवकर बंद केलेलं दार चौकटीला चिकटतं आणि उघडताना कडेचा रंग सोलून आणतं. तोवर दारं किंचित उघडी ठेवा, खणांच्या कडांना मेणबत्ती घासा, वर जड सामान ठेवू नका. गरम भांडी ठेवायच्या टेबलासाठी हे इनॅमल घेऊच नका, उष्णतेने ते मऊ पडतं. तिथे पीयू (पॉलियुरेथेन) लावा.