डबल इलेक्ट्रिक ब्रेस्ट पंप, सहा महिने वापरून : दूध कमी झालं वाटलं तर आधी तो पांढरा व्हॉल्व्ह बघा

हे लिहायला मी चार महिन्यांपूर्वीच बसले होते, तेव्हा रागाच्या भरात एक स्टार देऊन मोकळी होणार होते, पण बाळ उठलं आणि ते तसंच राहिलं. आता चार देतेय. जो एक कापलाय तो कशासाठी ते सविस्तर सांगणार आहे, कारण त्या एका कारणापायी माझे पंधरा दिवस फार वाईट गेले, आणि तसे दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत.

मशीन कसं आहे ते बहुतेकांना माहीत असेल, दोन्ही बाजूंना एकदम लावायचं, चार्जिंगवालं, क्लोज्ड सिस्टिम (म्हणजे दूध नळीत-मोटरमध्ये शिरत नाही). मोटर चांगली आहे, बॅटरी एका चार्जिंगमध्ये माझे चार-पाच सेशन काढते, आवाज येतो पण शेजारी झोपलेलं बाळ उठत नाही. एवढं पुरे, बाकी बॉक्सवर लिहिलेलं असतंच.

पंप घेतला तेव्हा बाळ पाच आठवड्यांचं होतं. त्याआधीचं सांगायला हवं, नाहीतर हे यंत्र मला का लागलं ते कळणार नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत चीक येतो तेवढाच, थेंब थेंब, आणि मला वाटायचं बाळ उपाशी राहतंय. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरलं तेव्हा छाती दगडासारखी झाली. पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनाला परत येतं, हे डॉक्टरांनी सांगितलेलं असूनही वजनकाट्यावर कमी आकडा दिसला की पोटात गोळा यायचा. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं म्हणतात, ते वाचायला सोपं आहे. एक पाजणं अर्ध्या-पाऊण तासाचं, मग ढेकर काढा, मग दुपटं बदला, आणि डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा रडणं. पाचव्या आठवड्यापर्यंत मी सलग दोन तास झोपल्याचं मला आठवत नाही. मी नवऱ्याशी धड बोलत नव्हते, बोलले तर रडत होते. आई आलेली होती, तीच म्हणाली की रात्रीचं एक पाजणं तरी दुसऱ्या कुणी करायला हवं, नाहीतर तू आजारी पडशील.

म्हणून पंप. रात्री नऊला पाजून झालं की मी पंप करायचे, ते दूध नवरा बाराच्या सुमारास पाजायचा आणि मी दहा ते दोन झोपायचे. चार तास, सलग. पहिल्या रात्री चार तासांनी जाग आली तेव्हा खोली नेहमीचीच होती पण मला ती वेगळी दिसली, खरंच. ज्यांच्या घरी बाळ आहे त्यांना याची किंमत कळेल. त्या चार तासांसाठीच मी या मशीनला काहीही माफ करायला तयार होते.

सुरुवातीला दुखायचं मात्र. बॉक्समध्ये २४ आणि २८ मिमीचे फ्लँज (छातीला लावायचं ते नरसाळं) येतात, मी २४ लावत होते आणि सक्शन जास्तीत जास्त ठेवत होते, कारण वाटायचं जितकी ताकद जास्त तितकं दूध जास्त. तसं नसतं. दूध ओढून येत नाही, पान्हा फुटावा लागतो, आणि दुखत असेल, मन ताणलेलं असेल तर तोच अडतो. बाळ कसं करतं बघा, आधी भराभर हलकं चोखतं, सेकंदाला दोनदा वगैरे, आणि दूध वाहायला लागलं की सावकाश, खोल. मशीनमध्येही तेच दोन मोड आहेत, आधी दोन मिनिटं हलकं-जलद मग सावकाश, आणि मधेच दूध थांबलं तर परत पहिल्यावर जायचं, कितीतरी वेळा दुसरा पान्हा येतो. स्तनाग्राची रुंदी मोजली तर १७ मिमी आली, फ्लँजच्या आत बसवायचं १९ मिमीचं इन्सर्ट मागवलं आणि दुखणं त्याच दिवशी थांबलं. घेणाऱ्यांनी आधी मोजा, साध्या पट्टीने मोजता येतं.

आता मुख्य गोष्ट.

बाळ तिसऱ्या महिन्याच्या शेवटाकडे आलं, पंप वापरून दोन महिने होत आले होते, आणि दूध कमी यायला लागलं. आधी दोन्ही बाजूंचं मिळून १०० मिलीच्या आसपास यायचं, ते ८० झालं, मग ६०, मग एक दिवस वीस मिनिटं बसून ३५. माझी रजा महिन्याभरात संपणार होती. मी पाणी जास्त प्यायले, जास्त वेळ बसले, दर दोन तासांनी बसले, रात्री तीनला उठून बसले कारण रात्री प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवायला लावणारं हार्मोन, जास्त असतं हे मी वाचलं होतं. आकडा वाढेना. भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी सांगायचा, कुणी म्हणे तुझं दूध आटलं, कुणी म्हणे आमच्यातही असंच होतं, आता वरचं दूध चालू कर. वरच्या दुधाला माझा काही विरोध नाही, ज्यांना लागतं त्यांनी निर्धास्त द्यावं, बाळाचं पोट भरणं महत्त्वाचं. पण मला ते ठरवायचं होतं तर खऱ्या कारणावरून ठरवायचं होतं, आणि मला कारणच कळत नव्हतं. मी बाटलीवरच्या रेघांकडे बघत रडायचे. माझ्या शरीराला एवढंही जमू नये असं वाटायचं.

त्यात भर म्हणून छातीत डाव्या बाजूला गाठ झाली. मी गरम शेक दिला, जोरजोरात चोळली, आणि अजून पंप केलं. दुसऱ्या दिवशी लाल झाली, दुखणं दुप्पट. डॉक्टरांनी सांगितलं की हे सगळं उलटं केलंत, सूज आत असते, चोळून ती वाढते आणि जास्त पंप केलं की शरीर अजून दूध बनवतं. ब्रेस्टफीडिंग मेडिसिनच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या २०२२ च्या नव्या सूचनाही हेच सांगतात, जोरात मसाज नको, थंड शेक द्या, बाळाला नेहमीसारखंच पाजा. दोन दिवसांत उतरलं. ताप आला, अंग मोडून आलं तर मात्र घरी थांबू नका.

त्याच भेटीत डॉक्टरांनी मला दहा प्रश्नांचा एक कागद भरायला दिला, बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला असतो, एडिंबरा स्केल म्हणतात, १९८७ पासून वापरात आहे, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारतात. बाळंतपणानंतरचं पहिल्या दोन आठवड्यांतलं रडू बऱ्याच जणींना येतं आणि आपोआप जातं, पण त्यापुढे राहिलं तर ते सांगायला हवं, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. माझा स्कोअर काठावर होता. पुढे काही भेटी झाल्या, त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, पण ज्या कुणी हे वाचताना मान हलवत असतील त्यांनी तो कागद मागून घ्या.

आणि मग डॉक्टरांनी विचारलं, बाळ दिवसातून शू किती वेळा करतं? म्हटलं सात-आठ लंगोट ओले होतात. वजन? वाढतंय. मग म्हणाल्या, दूध कमी नाहीये तुमचं, बाळाला मिळतंय, मशीनला मिळत नाहीये. पंपाचे व्हॉल्व्ह कधी बदललेत?

मी कधीच बदलले नव्हते. बदलायचे असतात हेच मला माहीत नव्हतं.

फ्लँजच्या खाली तो पांढरा सिलिकॉनचा तुकडा असतो ना, बदकाच्या चोचीसारखा, डकबिल व्हॉल्व्ह, बोटाच्या पेराएवढा. मशीन ओढतं तेव्हा ती चोच घट्ट मिटायला हवी, म्हणजे आत पोकळी तयार होते, आणि सोडतं तेव्हा उघडून दूध बाटलीत पडतं. चोच जराशीही उघडी राहिली की बाटलीतली हवा आत येते आणि सक्शन गेलं. मोटर तशीच घुरघुरत राहते, सक्शनचा आकडा तोच दिसतो, तुम्हाला बाहेरून काहीही कळत नाही. घरी येऊन मी तो खिडकीच्या उजेडात धरला तर चोचीच्या फटीतून उजेड दिसत होता. दोन्ही बाजूंच्या. पंधरा दिवस मी जे स्वतःला बोलत होते ते या फटीमुळे.

वाट माझ्याच हाताने लागली होती, कारण मी दूध अडकलेलं दिसलं की बाटलीचा ब्रश त्यात घुसवून घासायचे आणि प्रत्येक वेळी दहा-दहा मिनिटं उकळायचे. ब्रश आत घालायचाच नाही, साबणाच्या पाण्यात बोटांनी हलकं चोळायचं आणि दोन्ही बाजूंनी जरासं दाबून फट उघडून धुवायचं. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर दिवसातून एकदा निर्जंतुक करा, पण दर वेळी नाही. आणि दिवसाला तीन-चार वेळा पंप करत असाल तर व्हॉल्व्ह कितीही जपले तरी महिना-दोन महिन्यांत बदलायचेच.

हे मॅन्युअलमध्ये आहे का? आहे. शेवटून दुसऱ्या पानावर, एका ओळीत, 'झीज झाल्यास सुटे भाग बदला'. किती दिवसांनी, झीज दिसते कशी, झाली तर काय होतं, एक शब्द नाही. मला राग आहे तो याचा. तीन भाषांमध्ये चार्जर भिंतीला कसा लावायचा ते चित्रांसकट आहे.

कस्टमर केअरला फोन केला तर पहिल्या दोघांनी मशीन पाठवून द्या, तपासू, दहा-बारा दिवस लागतील असं सांगितलं. दहा दिवस पंप नसेल तर मी काय करू या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मोटर ठीक आहे हे मीच तपासून सांगितलं (ट्यूबचं तोंड अंगठ्याने बंद करा, अंगठा ओढला जातो की नाही कळतं), तरी तेच वाक्य. व्हॉल्व्ह वॉरंटीत बसत नाही हे मान्य आहे, तो झिजणारा भाग आहे, पण सुटा विकतच नव्हते, अख्खा सेट घ्या, फ्लँज, बाटली, झाकण सगळं. माझ्याकडे चार बाटल्या आहेत, मला बोटाच्या पेराएवढं सिलिकॉन हवंय. मी पैसे उधळणारी नाही, आणि चांगल्या वस्तू बदलून फेकायला लावणं मला पटत नाही. तिसऱ्यांदा फोनवर एक बाई होत्या, त्यांनी आधी विचारलं बाळ किती महिन्यांचं, मग म्हणाल्या ताई, व्हॉल्व्हच असणार, आणि त्यांनी सुट्या जोड्यांचा पार्ट नंबर दिला जो वेबसाइटवर शोधूनही सापडत नव्हता. तीन दिवसांत आले. लावले, बसले, १५ मिनिटांत ११० मिली. मी आईला हाक मारली आणि बाटली नुसती दाखवली.

त्या एका बाईंमुळे एकाचे चार स्टार झालेत.

त्यानंतर मशीनबद्दल काहीच तक्रार नाही. कामावर परत गेले, दिवसात दोनदा पंप करते, बंद दाराची खोली मिळाली हे नशीब. दर दिवशी जास्त-जास्त दूध लागणार ही भीतीही होती, ती खोटी निघाली, पहिल्या महिन्यानंतर सहाव्यापर्यंत बाळाला दिवसाला लागणारं दूध फारसं वाढत नाही, सरासरी ७५० मिलीच्या आसपास, त्यामुळे मी नसतानाच्या तासांचा हिशोब सोपा झाला. साठवणीचा नियम दारावर चिकटवलाय : ताजं काढलेलं २५ अंशांपर्यंत बाहेर चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस, फ्रीझरमध्ये सहा महिने, फ्रीझरचं फ्रिजमध्ये उतरवून पूर्ण वितळलं की २४ तासांत संपवायचं. बाळाने तोंड लावलेलं उरलं तर दोन तासांत, नाहीतर टाका. टाकताना जीव जातो, म्हणून पिशव्या ६०-६० मिलीच्याच भरते. मायक्रोवेव्ह अजिबात नको, कोमट पाण्यात बाटली ठेवा.

एक छोटी गोष्ट राहिली, नव्या आवृत्तीत लाइट फार प्रखर दिलाय म्हणतात, माझ्यात तो बंद करता येतो, रात्री उपयोगी पडतो.

बाळाचं आता वरचं खाणं सुरू झालंय, त्यामुळे पंप कमी होत चाललाय, सकाळचं आणि दुपारचं एवढंच. धाकट्या बहिणीला सातवा महिना लागलाय, तिने माझाच मागितला होता, पण हे घरगुती पंप एकाच बाईने वापरायचे असतात म्हणून नाही दिला. तिच्यासाठी नवीन घेतला, हाच. सोबत व्हॉल्व्हच्या तीन जोड्या, प्रत्येक पाकिटावर मार्करने 'लावला तारीख' लिहून पुढे जागा रिकामी ठेवलीय, आणि मॅन्युअलचं ते शेवटून दुसरं पान दुमडून त्यावर मी माझ्या हाताने लिहिलंय की दूध कमी आलं तर आधी हा उजेडात धरून बघ, मग मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.