मनाची नोंदवही आणि पीएचक्यू-९: काही महिन्यांच्या वापरानंतर

साधी वही, रोजच्या चार नोंदी आणि दर दोन आठवड्यांनी भरायची पीएचक्यू-९ ही नैराश्याची लक्षणं मोजणारी प्रश्नावली, एवढंच साहित्य. काही महिने सलग वापरल्यावरचं मत आधीच सांगतो: पैसे भरून ॲप घ्यायची गरज नाही, पण पुरुषांना ही प्रश्नावली एकटी पुरत नाही.

पीएचक्यू-९ मध्ये ९ प्रश्न असतात आणि ती मोफत मिळते. मागच्या दोन आठवड्यांत एखादा त्रास किती दिवस झाला, त्याला ० ते ३ गुण द्यायचे. एकूण गुण ० ते २७. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम ते तीव्र आणि २० पासून तीव्र, अशी ढोबळ विभागणी. १० किंवा जास्त आले की डॉक्टरांना दाखवायचं. निदान मात्र डॉक्टरच करणार, कागद नाही. एक-दोन गुण वरखाली झाले म्हणून काही ठरवू नये. ५ गुणांचा फरक मात्र खरा धरतात. सर्रास होणारी चूक म्हणजे घरात भांडण झालं की लगेच ती भरायला बसणं. मग दोन आठवड्यांऐवजी त्या एका संध्याकाळचे गुण पडतात. वार आणि वेळ ठरलेली हवी.

आता हिची उणी बाजू. चिडचिड, दारू, बेफाम गाडी चालवणं यांबद्दल एकही प्रश्न नाही, आणि अनेक पुरुषांचं नैराश्य नेमकं याच वाटेनं बाहेर पडतं. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९८० च्या दशकात डॉक्टरांना नैराश्य ओळखायचं प्रशिक्षण दिल्यावर आत्महत्या घटल्या, पण मुख्यतः स्त्रियांच्या. त्या अनुभवातून पुरुषांसाठी १३ प्रश्नांची वेगळी गॉटलंड प्रश्नावली तयार झाली. म्हणूनच रोजच्या नोंदीत चिडचिड हवीच.

त्या चार नोंदी अशा: झोपण्या-उठण्याची वेळ, चिडचिड ० ते १०, दारूचे पेग, आणि त्या दिवशी कामापलीकडचं बोलणं कुणाशी झालं का. वही दात घासायच्या जागेजवळ ठेवली तर टिकते. उशाशी ठेवली की 'उद्या लिहू' होतं. राहिलेले दिवस आठवून भरू नयेत. कोरी पानंही डॉक्टरांना बरंच सांगतात.

तीन-चार आठवड्यांत आकडे बोलू लागतात. दारूने झोप लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात मोडते, आणि दुसऱ्या दिवशीच्या चिडचिडीच्या रकान्यात ते दिसतं. (रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र एकदम बंद करू नये, झटके येऊ शकतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.) झोपेसाठी झोपायची नाही, उठायची वेळ पक्की करा, सुट्टीच्या दिवशीही. 'व्यायाम सुरू करायचा' हा संकल्प फसतो, कारण त्याला ना वेळ ना माप. 'सहा वाजता बूट घालून १० मिनिटं चालायचं' हे जमतं. इच्छा होण्याची वाट बघू नये. नैराश्यात ती आधी येत नाही, काही केल्यानंतर येते.

मदत मागताना ही वही सगळ्यात जास्त उपयोगी पडते. मित्राला 'जरा बोलायचंय' म्हणण्यापेक्षा 'सल्ला नको, १० मिनिटं फक्त ऐक' म्हणावं. काय करायचं ते त्यालाही कळतं. समोरासमोर जड जात असेल तर चालता चालता बोलावं. डॉक्टरांकडे जाताना एका पानाचा गोषवारा न्या आणि सांगायला सर्वांत अवघड गोष्ट पहिल्या ओळीत लिहा, नाहीतर पाठदुखी आणि ॲसिडिटीतच वेळ संपतो. थायरॉइड, बी१२ आणि घोरण्याबद्दल जरूर विचारा. यांतल्या बिघाडानेही असाच थकवा येतो. समुपदेशकाला पहिल्याच भेटीत विचारावं: पद्धत कोणती, साधारण किती भेटी, फरक पडतोय हे कसं कळणार? काही भेटींनंतरही काहीच हललं नाही तर तोंडावर सांगावं. चांगल्या समुपदेशकाला त्याचा राग येत नाही. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून त्या मनाने बंद करू नयेत.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे ० सोडून काहीही आलं तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. मनात पद्धत किंवा वेळ ठरली असेल तर एकटं राहू नका, थेट रुग्णालयाची तातडीची सेवा गाठा.

गुण ५ च्या खाली टिकले की प्रश्नावली महिन्यातून एकदा पुरते. त्या वेळी वहीच्या शेवटच्या पानावर एक ओळ लिहून ठेवा: बिघडायला लागतं तेव्हा सर्वांत आधी काय सुटतं? कुणाची झोप, कुणाचं फोन उचलणं, कुणाची अंघोळ. ती ओळ घरातल्या एका माणसाला दाखवून ठेवा, कारण पुढच्या वेळी ते बहुधा त्याच्याच आधी लक्षात येईल.