पांदणीनं जाणाऱ्या गाडीला कोटिंगवाली ब्रेक डिस्क: घेण्यासारखी आहे, पण बसवताना हब चकचकीत करा

स्विफ्ट-डिझायरच्या समोरच्या चाकांना लागणारी पोकळ डिस्क बाजारात तीन तऱ्हेची मिळते: तेल लावून कागदात गुंडाळलेली साधी, राखाडी कोटिंगवाली आणि भोकं पाडलेली. भोकंवाली दिसते झोकदार, पण खरिपात तिची भोकं काळ्या चिखलानं बुजतात आणि वाळलेली माती खिळ्यानं टोकरून काढावी लागते. वावरात जाणाऱ्या गाडीला तिचा काही उपयोग नाही. थोडी महाग असली तरी कोटिंगवालीच घ्या.

कोटिंगचं काम नीट समजून घ्या. पॅड, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून आवळणाऱ्या पट्ट्या, जिथे घासतात तिथलं कोटिंग पहिल्या काही ब्रेकांतच निघून जातं आणि ते जायलाच हवं. ते टिकतं मधल्या उंच भागावर, कडेला आणि आतल्या हवेच्या फटींत. मृगापासून हस्तापर्यंत गाडी ओल्या अंगणात चार-चार दिवस उभी राहते, तेव्हा साध्या डिस्कच्या याच जागा गंजून पोपडे धरतात. मग पुढच्या वेळी डिस्क हबवरून, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागावरून, सुटत नाही.

या मालात एक खोट सापडते. स्वस्त जोडीत, हबवर टेकणाऱ्या सपाट तोंडावर कधी कधी कोटिंगचा ओघळ राहून जातो. दुकानातच त्या तोंडावरून नख फिरवा. नख अडलं तर जोडी परत करा. व्यास, मधलं भोक, उंची आणि नटांची भोकं जुन्या डिस्कशी ताडून पाहा, कारण एकाच गाडीच्या वेगवेगळ्या मॉडेलना वेगळं माप लागू शकतं. चेसिस नंबर सांगून मागितलेलं बरं. डिस्क नेहमी जोडीनंच बदलायची आणि सोबत पॅडही नवे घालायचे.

जुनी खरंच बाद झाली का, हे आधी मोजा. कमीत कमी जाडी डिस्कवरच कोरलेली असते. झिजलेल्या डिस्कच्या कडेला न झिजलेली धार उरते आणि व्हर्नियर तिच्यावर टेकला की जाडी जास्त दिसते. म्हणून दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. कोरलेल्या आकड्याच्या जवळ आलेली डिस्क लेथवर घासून घेऊ नका. पातळ डिस्क लवकर तापते, आणि चिखलदऱ्याहून परतवाड्याला उतरताना ते भोवतं.

आता बसवणं. काळ्या मातीवर जॅक खचतो, म्हणून खाली जाड फळी द्या. मागच्या चाकांना दगड लावा, नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा आणि उचलल्यावर खाली घोडी (स्टँड) लावल्याशिवाय हात आत घालू नका. कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा जबडा, सोडला की तारेनं स्प्रिंगला टांगा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका. कॅलिपरमधला पिस्टन मागे दाबताना बॉनेटखालच्या डबीतलं ब्रेक ऑइल वर चढतं. डबी काठोकाठ असेल तर आधी थोडं काढून घ्या. ते रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, नाहीतर रंग निघतो. मग ब्रॅकेटचे, म्हणजे कॅलिपर ज्यावर बसतो त्या चौकटीचे, दोन मोठे बोल्ट सोडा. ते फार घट्ट असतात, लांब दांड्याचा पानाच लागतो.

डिस्क चिकटली असेल तर घणाआधी तिच्यावरची आटे पाडलेली दोन भोकं शोधा. त्यांत ८ मिमीचे बोल्ट घालून आळीपाळीनं अर्धा-अर्धा फेरा कसत गेलं की डिस्क आपोआप पुढे सरकते.

हबचं तोंड साफ करायला सगळ्यात जास्त वेळ द्या. ब्रेक मारताना पायाखाली धडधड लागली की लोक म्हणतात, "डिस्क वाकली." बहुतेक वेळा ती वाकलेली नसते. हबवर गंजाचा पापुद्रा राहिला किंवा नट एकीकडे जास्त कसले गेले की डिस्क तिरकी बसते, फिरताना दर फेऱ्याला पॅडला चाटते, आणि काही हजार किलोमीटरमध्ये एके ठिकाणी पातळ, दुसऱ्या ठिकाणी जाड होते. धडधड त्या फरकाची असते. नवी डिस्क घालूनही महिन्या-दोन महिन्यांत तक्रार परत येते, तिचं मूळ बहुतेक इथेच असतं. तार ब्रश आणि पॉलिश पेपरनं हब धातू चमकेपर्यंत घासा, चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या खिळ्यांच्या बुडाशी तर जास्तच.

मग डिस्क सरळ फिरते का ते पाहा. ते मोजायचं डायल गेज नसेल तर डिस्क वायसर लावून नटांनी कसा, ब्रॅकेटला ताठ तार बांधून तिचं टोक डिस्कच्या अगदी जवळ आणा आणि डिस्क हातानं फिरवा. वहीचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. फटीत तेवढा फरक दिसला तर डिस्क काढून एक भोक पुढे फिरवून बसवा आणि पुन्हा पाहा.

साध्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरनं पुसा. डिझेल किंवा रॉकेल वापरू नका, त्याचा तवंग राहतो आणि पॅड खराब होतात. कॅलिपरच्या पिनांना सिलिकॉन ग्रीसच लावा, साध्या ग्रीसनं रबर फुगतं. पिन अडकली की एक पॅड तिरका झिजतो. चाकाचे नट फुलीच्या क्रमानं, टॉर्क पान्यानं (ठरलेल्या जोरानं कसता येणाऱ्या) कसा. पाना लावून वर उभं राहून कसलेले नट डिस्क तिरकी करतात.

गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा. पहिल्या दाबाला ते थेट खाली जातं, कारण पिस्टन मागे असतात. हे विसरून गाडी सुरू केली तर ती अंगणाच्या भिंतीपर्यंत थांबत नाही. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा, मध्ये थोडं अंतर ठेवून, ब्रेक मारा. गाडी पूर्ण थांबवू नका आणि डिस्क तापलेली असताना पेडल दाबून उभे राहू नका. शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा. चिखलातून आल्यावर करकर आवाज आला तर आधी डिस्क आणि मागच्या पत्र्याच्या मधे खडा अडकलाय का ते पाहा. बहुधा खडाच निघतो.