म्हाडा, आर्मीची स्कीम की रीसेल? व्हीलचेअरवरच्या फौजीसाठी पुण्यात घर घेताना

आमच्या दादासाठी मी नि वहिनी दीड वर्ष घरं बघत फिरलो. त्यामुळे हल्ली ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, अरे आमचा जवान असा होऊन आलाय, म्हाडात टाकू की आर्मीच्या स्कीममध्ये? म्हणून एकदाच लिहून टाकतो. दादा हवालदार होता, मणक्याला मार लागून कमरेखालचं गेलं, बोर्ड आउट झाला, म्हणजे मेडिकल बोर्डाने अनफिट ठरवून नोकरीतून सोडलं. तेव्हा माझं सगळं मत व्हीलचेअरवरनं बनलंय हे धरून वाचा. आमचा मावसभाऊ भूसुरुंगात पाय गेलेला, तो आर्टिफिशियल लिंब सेंटरचा (आर्मीचं कृत्रिम हातपाय बनवणारं केंद्र) पाय लावून दोन जिने आरामात चढतो, त्याचं गणित वेगळं. पण रात्री पाय काढून ठेवला की बाथरूमपर्यंत जायला त्याचेही हालच.

आधी म्हाडा, कारण सगळे तिथूनच सुरू करतात. लॉटरीत माजी सैनिक आणि त्यांच्यावर अवलंबून असणाऱ्यांना ५ टक्के घरं, लढाईत गेलेले, बेपत्ता झालेले किंवा अपंगत्व आलेले यांच्यासाठी वेगळी २ टक्के, शिवाय दिव्यांगांचा कोटा आहेच. आता गंमत अशी की बहुतेक जण सवयीने माजी सैनिकमध्येच फॉर्म भरतात आणि तिथे धडधाकट रिटायर झालेल्यांची पण गर्दी असते. तुमच्या कागदावर बॅटल कॅज्युअल्टी (लढाईतली इजा) लिहिलंय की फिजिकल कॅज्युअल्टी (लढाईबाहेरची) ते आधी बघा, बॅटल असेल तर तो २ टक्केवाला गट सोडू नका. दादाचं फिजिकल निघालं, ट्रेनिंगमधला अपघात, म्हणून आमच्यासाठी ते दार बंद.

उत्पन्न नवरा-बायकोचं मिळून धरतात. पुणे भागात वर्षाला ६ लाखांपर्यंत अत्यल्प गट, ९ पर्यंत अल्प. बोर्ड आउट झालेल्याच्या डिसेबिलिटी पेन्शनवर इन्कम टॅक्स नाही, त्यामुळे दादाने कधी रिटर्नच भरलं नव्हतं, मग तहसीलदाराच्या दाखल्यासाठी पळापळ. आधीच काढून ठेवा, हल्ली कागद लॉटरीच्या आधीच तपासतात. नंबर लागलाच तर पाच वर्षं विकता येत नाही.

किंमत बघाल तर म्हाडाला तोड नाही. पण कुठे, हा प्रश्न. चाकणजवळच्या म्हाळुंग्याची घरं त्यातल्या त्यात सहज मिळतात, फक्त तिथून खडकीच्या मिलिटरी हॉस्पिटलला ट्रॅफिक धरून तास-दीड तास, आणि मणक्यावाल्याला कॅथेटरचं काही झालं की तो तास फार मोठा असतो. त्यापेक्षा २० टक्केवाली घरं बघा, म्हणजे मोठ्या प्रोजेक्टमध्ये बिल्डरला अत्यल्प-अल्प गटासाठी जी ठेवावी लागतात आणि म्हाडामार्फत विकली जातात ती. पण ती बिल्डिंग कॉम्प्लेक्सच्या पार कोपऱ्यात असू शकते, लिफ्टला जनरेटर बॅकअप आहे का ते विचारा. नव्या बिल्डिंगमध्ये खाली पार्किंग असल्याने तळमजल्याचा फ्लॅट बहुतेक नसतोच, म्हणजे लाइट गेली की माणूस वर अडकला.

एडब्ल्यूएचओ, म्हणजे आर्मीची स्वतःची गृहनिर्माण संस्था, १९७८ पासूनची, ना नफा ना तोटा. साळुंके विहार त्यांनीच उभं केलेलं. वातावरण फौजी, शेजारी समजूतदार, हे खरंच. पण आर्मीचं म्हणजे स्वस्त हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. जाहीर होते ती अंदाजी किंमत, शेवटी फरक भरावा लागू शकतो, हप्ते बांधकामाप्रमाणे आणि ताबा मिळेपर्यंत वर्षं जातात, तोवर भाडं चालूच. ऑफिसर-सुभेदारांना जमतं, हवालदाराच्या पेन्शनमध्ये मला तरी कठीण दिसलं.

खडकीचं पॅराप्लेजिक सेंटर, म्हणजे मणक्याच्या इजेने लुळे झालेल्या फौजींना राहायला असलेलं पुनर्वसन केंद्र, १९७४ पासूनचं, हे घर नव्हे पण पर्याय नक्की आहे. काळजी उत्तम, खेळ, सोबत, सगळं चेअरच्या हिशोबाने बांधलेलं. एकटा माणूस असेल तर मी सरळ तेच सांगेन. दादाला मात्र पोरीच्या शाळेचा डबा भरताना समोर बसायचं होतं, विषय संपला.

राहिलं भाड्याचं आणि रीसेल. भाड्याच्या घरात मालक दाराची चौकट काढू देत नाही. आमच्या पहिल्या घरात बाथरूमचं दार आतून २४ इंच आणि दादाची चेअर २७. वर्षभर तो दाराशी प्लास्टिकच्या स्टुलावर सरकायचा, बोटांची सालटं निघायची. तरी पहिलं वर्ष भाड्यानेच राहा असं मी म्हणेन, खडकी, दापोडी, सांगवी किंवा दिघीकडे, कारण माणूस कुठे अडखळतो ते राहूनच कळतं.

मग आम्ही जुन्या सांगवीत तीस वर्षं जुन्या सोसायटीत तळमजल्याचा वन बीएचके घेतला, वहिनीच्या नावावर, कारण बाईच्या नावे स्टॅम्प ड्युटी १ टक्का कमी. माजी सैनिकांना एका घरापुरता प्रॉपर्टी टॅक्सही माफ आहे, पण तो सैनिकाच्या नावावरच्या घराला की बायकोच्या, हे जिल्हा सैनिक कल्याण ऑफिसात विचारूनच नाव ठरवा, आम्ही आधी घाई केली. गावाकडे स्वतःच्या नावावर पक्कं घर असेल तर पंतप्रधान आवासचं व्याज अनुदान विसरा, वडिलांच्या नावावर असेल तर वेगळी गोष्ट. केंद्रीय सैनिक बोर्डाकडूनही युद्धात किंवा ड्युटीमुळे अपंग झालेल्याला होम लोनच्या निम्म्या व्याजाची मदत आहे, कमाल १ लाख.

दार ३६ इंच करून घेतलं. रॅम्पचं मात्र महाभारत झालं. तीन पायऱ्या म्हणजे १८ इंच, एकास बारा उतार धरला तर १८ फूट लांबी, आणि समोर जागा ११ फूट. म्हणून मधे वळण काढायचं, तर तिथे सेक्रेटरींची ॲक्टिव्हा. तीन मीटिंगा झाल्या. चौथ्या मीटिंगला दादा स्वतः चेअर घेऊन त्या पायऱ्यांच्या खाली जाऊन थांबला, वर आला नाही, मीटिंग पार्किंगमध्ये घ्यावी लागली. ॲक्टिव्हा आता गेटजवळ लागते.