बेळगावातलं पूजासाहित्याचं एक दुकान: ज्याला त्याला त्याच्या रीतीचं

बेळगावच्या जुन्या बाजारपेठेत पूजासाहित्याच्या दुकानांना तोटा नाही. त्यातल्या या एका दुकानाची शिफारस करायची ती एवढ्याचसाठी, की इथे आधी गिऱ्हाइकाच्या घरची रीत विचारतात आणि मगच माल काढतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात एकाच गल्लीत तुळशीमाळ घालणारे माळकरी वारकरी, लिंगायत, मध्वाचार्यांना मानणारे वैष्णव माध्व, पाचही देव पुजणारे स्मार्त, बाळेकुंद्रीच्या पंत महाराजांचे भक्त आणि सौंदत्तीच्या यल्लम्माला मानणारी घरं शेजार करून राहतात. सगळ्यांच्या हातात एकच ‘सर्वपूजा संच’ ठेवणं दुकानदाराला सोयीचं असतं, पण त्या संचात निम्म्या वस्तू बिनकामाच्या आणि नेमकी हवी ती नसलेली, असं होतं.

पंचायतनाचंच, म्हणजे पाच देवांच्या एकत्र पूजेचंच बघा. पाषाण पाच: शिवाचा नर्मदेतला बाण, विष्णूचा गंडकीतला शाळिग्राम, गणपतीचा तांबडा शोणभद्र, देवीचा सुवर्णमुखी आणि सूर्याचा स्फटिक. इथे पहिला प्रश्न येतो, “मध्ये कोण बसवायचं?” शिव मध्ये असेल तर ईशान्येला विष्णू, आग्नेयेला सूर्य, नैर्ऋत्येला गणपती, वायव्येला देवी. विष्णू मध्ये असेल तर ईशान्येला शिव, आग्नेयेला गणपती, नैर्ऋत्येला सूर्य. देवी वायव्येलाच राहते. खळगे पाडलेलं तयार पितळी तबक घेताना नेमकी इथेच चूक होते. मधला खळगा गोल बाणाच्या मापाचा असतो, त्यात शाळिग्राम डुगडुगतो. म्हणून सपाट तळाचं ताम्हण घ्यावं, असं हे लोक स्वतः सांगतात, जरी खळग्यांचं तबक महाग विकलं जातं तरी. आपला देव मध्ये बसवायचा आणि बाकीच्या चौघांची जागाही राखायची, ही पंचायतनाची शिस्त मला फार मोलाची वाटते.

तुळशीची माळ पारखायला सोपी आहे. खरी माळ हलकी, मणी थोडे उणे-अधिक आणि रंग फिकट; पांढऱ्या ओल्या फडक्यावर घासून रंग उतरला तर लाकूड दुसरंच रंगवलेलं समजावं. गळ्यातली माळ बहुधा मण्यांमुळे नाही, घामाने कुजलेल्या दोऱ्यामुळे तुटते. इथे जुने मणी पुन्हा ओवून देतात. जपमाळेत १०८ मणी आणि वर मेरूमणी, हे मोजून घ्यावं.

लिंगायत गिऱ्हाइकांसाठी शिवदार (लिंग गळ्यात बांधायचा दोरा), चांदीची करडिगे (लिंग ठेवायची डबी) आणि विभूतीच्या गट्ट्या वेगळ्या कपाटात आहेत. इष्टलिंग, म्हणजे अंगावर धारण करायचं लिंग, गुरूकडून दीक्षेत मिळतं, ते दुकानातून घेऊन गळ्यात बांधायचं नसतं, हे नवख्या माणसाला इथे समजावून सांगतात. वारकऱ्यांची तुळशीची माळही अशीच, फडावरच्या (वारकरी परंपरेच्या गादीवरच्या) महाराजांच्या हातून घालून घ्यायची. दोन्हीकडे वस्तू बाजारातली असली तरी अधिकार परंपरेचा, आणि दुकानाने तो आपल्याकडे ओढलेला नाही. करडिगे घेताना झाकणाची फिरकी दहा वेळा उघडझाप करून पाहा; ती सैल असेल तर वाकताना झाकण निघतं आणि लिंगावरच्या काळ्या कांतीचा टवका उडतो.

विभूतीत खडूची पूड मिसळली की ती डोळ्यांत भरेल इतकी पांढरी दिसते आणि कपाळावर वाळली की पापुद्रे सुटतात. गोपीचंदन द्वारकेकडची पिवळसर माती; माध्वांना ते मुद्रांसाठी, म्हणजे अंगावर उमटवायच्या शंख-चक्रांच्या ठशांसाठी लागतं, वारकऱ्यांना टिळ्यासाठी, आणि वर बुक्का. बाटलीतलं सुगंधी तयार गंध मुद्रेला निरुपयोगी, कारण ठसा पसरतो. सहाणेवर उगाळलेलं दाटसर हवं. देवाला उधळायच्या भंडाऱ्यासाठी सांगलीच्या पेठेतली हळद सरस: रंग जरा मळकट केशरी, वास ठसठशीत. लिंबासारखा पिवळाधमक आणि बिनवासाचा भंडारा उधळला की डोळे चुरचुरतात. तो घेऊ नका.

टाळ मात्र सगळ्यांचे एकच. इथे कुणी पंथ विचारत नाही, फक्त वजन विचारतात. जोडीतले दोन्ही टाळ सारख्या वजनाचे हवेत. कडेला केसाएवढी भेग असेल तर नाद फुटका येतो, म्हणून प्रत्येक टाळ दोरीला लोंबकळवून एकटा वाजवून पाहावा. वारकऱ्यांच्या दिंडीत, पंतांच्या भजनात आणि कन्नड हरिदासांची पदं गाताना हीच जोडी चालते. त्यात नवल काहीच नाही. पुरंदरदासांनी (१४८४–१५६४) आपल्या कन्नड पदांच्या शेवटी नाममुद्राच ‘पुरंदर विठ्ठल’ घातली. आणि कंबरेच्या करगोट्याचं माप घेताना ज्या नरहरी सोनारांना विठ्ठलात शिव भेटल्याची कथा सांगतात, ते वारकऱ्यांच्या संतमालिकेत मानाने बसले आहेत.

पंचांगांची मांडणी या दुकानातली सर्वांत उपयोगी गोष्ट. सोलापूरचं दाते आणि कन्नड पंचांगं शेजारी-शेजारी ठेवलेली असतात, आणि एकादशी दोन दिवस का पडते हे विचारलं तर उत्तर मिळतं. सूर्योदयाआधीच्या चार घटका, म्हणजे ९६ मिनिटं, हा अरुणोदय. त्या वेळी दशमी शिल्लक असेल तर वैष्णव ती एकादशी विद्ध, म्हणजे दशमीने दूषित मानून दुसऱ्या दिवशी उपास करतात. स्मार्त आदल्याच दिवशी. ज्या घरात सून एका रीतीची आणि सासर दुसऱ्या, तिथे हे आधी कळलं तर चूल कुठल्या दिवशी काय शिजवणार यावरून वाद होत नाही. द्वादशीला तुळस खुडत नाहीत, त्यामुळे त्या दिवशी तुळस आदल्या दिवशीची मिळेल, ताजी मागू नका.

उणिवाही आहेत. टाळांवर किंमत लिहिलेली असते, वजन नाही. काट्यावर ठेवायला सांगावं लागतं. श्रावणी सोमवारी गर्दीत विचारपूस बंद होते आणि तोच ‘सर्वपूजा संच’ पुढे सरकवला जातो, हे या दुकानाला शोभत नाही. पार्सलमध्ये बुक्का आणि विभूती एकाच पातळ पिशवीत येतात. बुक्क्याची काळी पूड आणि वास विभूतीला लागतो. फोनवर सांगतानाच वेगळ्या डब्या मागा. कन्नड पंचांगं गुढीपाडव्याच्या आधीच संपतात, तेव्हा आठवडाभर आधी जाऊन घ्या.